थैली बंद व्हायच्या आत

नानांनी माझ्या ब्लॉगवरच्या स्पॅमला पहिलं उत्तर पाठवलं, त्याच दिवशी मी त्यांना हाकलायला हवं होतं. हाकललं नाही, म्हणून आज दिंडोरीच्या पट्ट्यात मला तोंड दाखवायला जागा आहे.

ते उत्तर काय होतं तेही सांगते. कुठल्यातरी परदेशातल्या लॉटरीवाल्याने माझ्या भुरी रोगावरच्या लेखाखाली टिप्पणी टाकली होती, की तुम्हाला बक्षीस लागलंय, इथे क्लिक करा. कोणीही शहाणा माणूस ती उडवून मोकळा होईल. नानांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला, एका बोटाने पाऊण तास टाइप केलं आणि त्याला ईमेल धाडला: 'महोदय, आपली टिप्पणी विषयास धरून नसल्याने साभार परत करीत आहोत. द्राक्षावरील भुरीसंबंधी आपला काही अनुभव असल्यास अवश्य कळवावा. लोभ असावा.'

लोभ असावा! लॉटरीवाल्याला! आणि त्याचा लोभ असा काही जडला, की आठवड्याभरात आमच्याकडे पाचपट स्पॅम यायला लागलं. उत्तर आलं म्हणजे या पत्त्यावर जिवंत माणूस आहे, एवढंच त्या लोकांना कळायला हवं असतं. हे मी नानांना समजावून सांगितलं तर ते खूश झाले. "म्हणजे पोचलं म्हणायचं!"

पंचवटीतून दिंडोरी रोडला लागलं की आमचं खतं-औषधांचं दुकान. गल्ल्यावर पप्पा आणि मागे कोपऱ्यात मी आणि माझा कॉम्प्युटर. शेतकीची पदवी घेऊन मी नुकतीच घरी आले होते, दुकानात ब्रॉडबँड आलं होतं, आणि अंगात उत्साह नुसता उसळत होता. आजूबाजूला सगळा द्राक्षांचा मुलूख. बागायतदारांची पोरं कॉलेजला नाशकात यायची, सायबर कॅफेत बसायची. म्हटलं, आपण मराठीत द्राक्षबागेवर ब्लॉग काढू. काढला. पहिल्या लेखाला तीन टिप्पण्या आल्या तेव्हा मी पप्पांना मिठी मारली होती. त्यातल्या दोन बूटवाल्या कंपनीच्या होत्या हे नंतर कळलं.

नाना आमच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायचे. एकटेच. बायको गेलेली, मुलगी इगतपुरीला दिलेली. उभा जन्म त्यांनी रेल्वेच्या टपालडब्यात काढला होता. म्हणजे धावत्या गाडीत उभं राहून पत्रं वेगळी करायची, गावागावाच्या खणात टाकायची, आणि स्टेशन यायच्या आत त्या गावाची थैली शिवून तयार ठेवायची. त्यामुळे बसून वाचायची सवयच नाही. पेपरसुद्धा उभ्याने वाचायचे. पाय फाकवून, आणि जराजरा डुलत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं म्हातारबा घेऊन आलेत.

ते आमच्याकडे पेपर वाचायला यायचे, तेवढाच संबंध. एक दिवस माझ्या पाठीमागे डुलत असताना त्यांनी मला एका झटक्यात बारा टिप्पण्या उडवताना पाहिलं.

"काय केलंस हे?"

"उडवल्या. कचरा होता."

"वाचल्यास?"

"नाना, वाचायचंय काय त्यात?"

त्यांनी पेपराची घडी घातली. "मास्तरीणबाई, न वाचता पत्र टाकून देणं हे पाप आहे. मी तीस वर्षांत एक कार्ड टाकलं नाही. पत्र कधी चुकीचं नसतं. पत्ता चुकीचा असतो."

तेव्हापासून मी मास्तरीणबाई झाले आणि नाना माझ्या ब्लॉगचे सॉर्टर. पगार म्हणून दिवसाला दोन कप चहा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझा कॉम्प्युटर टेबलावरून उचलून खतांच्या गोण्यांच्या थप्पीवर चढवायला लावला, कारण त्यांना उभ्याने काम करायचं होतं. मला मग स्टुलावर चढून लेख लिहावे लागायचे. पप्पा म्हणायचे, "अगं, दुकान तुझं का त्यांचं?" मी म्हणायचे, "विचारा जाऊन!" कोणाची हिंमत होती?

रोज सकाळी दहाला ते हजर. आधी खऱ्या टिप्पण्या, मग स्पॅमची पेटी. तिला ते 'बेवारस थैली' म्हणायचे. आणि खरी टिप्पणी नुसती छापून भागायचं नाही. तिची कागदावर प्रिंट काढायची. का, तर खणात टाकायला! औषधांच्या बाटल्यांचे पुठ्ठ्याचे खोके एकावर एक चिकटवून त्यांनी मागच्या भिंतीला तेवीस खण केले होते. ओझर, जानोरी, मोहाडी, पिंपळगाव, निफाड, वणी. ज्याने गावाचं नाव लिहिलं नसेल त्याला नाना उलट टिप्पणीत विचारायचे: 'आपले गाव कोणते? कोणत्या रस्त्याने? फोन असल्यास कळवावा.' लोक कळवायचेही. मी मात्र जळायचे. कागद जातोय, शाई जातेय, आणि ब्लॉग म्हणजे कागद वाचवायची गोष्ट, तिथे हा माणूस पोस्ट ऑफिस उघडून बसलाय!

"नाना, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये असतंच की."

"असेल. पण वीज गेल्यावर?"

आणि वीज जायचीच. दिवसाचे सहा-सहा तास.

भांडण झालं ते साइजवरून. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, मण्याची साइज कशी वाढवायची. मणी जाड झाला तर माल बाहेरच्या देशात जातो, नाहीतर बसा बेदाणे करत. तर एका दिवशी इंग्रजीत टिप्पणी आली, की दोन आठवड्यांत साइज वाढेल, खात्रीचं औषध, वेष्टनावर नाव नाही, घरपोच. नानांनी ती मोठ्या आनंदाने छापली. वर स्वतःची ओळ जोडली: 'अनुभव घेतलेल्यांनी कळवावे.'

मी दिंडोरीला एका बागेवर गेले होते. संध्याकाळी परत येते तो पप्पांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल. तीन बागायतदारांचे फोन येऊन गेले होते, हे औषध तुमच्याकडे मिळेल का, एकरी किती लागेल. चौथ्याला इंग्रजी नीट येत होतं, ती साइज मण्याची नाही हे त्याला कळलं होतं. तो फोनवर नुसता हसत होता.

माझा तोल गेला. कपाळाला हात लावून मी त्यांना नको नको ते बोलले. "नाना, तुम्हाला कळत नसेल तर नसत्या उठाठेवी करू नका! लोक शेण घालतील माझ्या तोंडात! आता फिल्टर करेल काय ते." आणि त्यांच्यासमोर स्टुलावर चढून मी बंदी घातलेल्या शब्दांची यादी भरली. मराठी अक्षरांत, इंग्रजी अक्षरांत, दोन्हीकडून. साइज. डोस. बाटली. गॅरंटी. हे शब्द आले की टिप्पणी सरळ बेवारस थैलीत. नानांना छापायचा अधिकार होता तोही मी काढून घेतला.

त्यांनी चहाचा कप विसळून ठेवला आणि जिना चढून गेले. रात्रभर मला वाईट वाटलं, पण जिना चढून माफी मागायला काही मी गेले नाही. माझा स्वभावच तसला.

दुसऱ्या दिवशी दहाला नाना हजर! पाय फाकवून उभे.

"आता काय करणार तुम्ही? सगळं फिल्टर करतो."

"छापायला बंदी आहे ना? वाचायला नाही ना?" असं म्हणून त्यांनी बेवारस थैली उघडली. छापता येत नाही तर नुसतं वाचायचं. दोन महिने ते रोज सकाळी शेकडो फालतू टिप्पण्या शेवटपर्यंत वाचत होते, आणि मी मनातल्या मनात हसत होते. देवा, आज आठवलं तरी लाज वाटते.

मग आली ऑक्टोबरची छाटणी.

द्राक्षाचं असं असतं, की छाटणी झाली की दोन दिवसांच्या आत काडीवरच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावायची. स्पंजने, एकेक डोळा. म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात आणि घड एकसारखे येतात. पेस्ट पातळ झाली तर फूट मागेपुढे होते. आणि कडक झाली तर डोळा जळतो. डोळा जळला की घड नाही, आणि घड नाही तर वर्ष गेलं. दुसरी संधी नाही. मी सोमवारी त्यावर लेख टाकला, लिटरला किती औषध घ्यायचं ते ठळक अक्षरांत. गेली कित्येक वर्षं पप्पा तोच डोस सांगत आले होते. लेख भराभर वाचला जात होता, माझी कॉलर टाइट.

बुधवारी सकाळी मी गल्ल्यावर होते. मागून नानांचा आवाज आला. "मास्तरीणबाई, इकडे ये."

"गिऱ्हाईक आहे, नाना."

"गाडी सुटतेय! ये म्हणतो ना!"

तसा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता. मी धावले. ते डुलत नव्हते, पहिल्यांदाच ताठ उभे होते. बोट पडद्यावर. लॉटरी आणि गोळ्यांच्या गर्दीत इंग्रजी अक्षरांत लिहिलेली एक मराठी टिप्पणी होती, जानोरीच्या कुणाची तरी:

'ताई नवीन बाटली आलीय ती लय कडक हाय. दुप्पट. लेबलवर बारीक लिवलंय. तुमचा डोस जुन्या बाटलीचा हाय. माझ्या दोन ओळी काळ्या पडल्या. बाकीच्यांना सांगा लवकर.'

डोस. बाटली. माझ्याच यादीतले शब्द. मंगळवारी दुपारपासून ती तिथे पडून होती.

मी रॅकवरून नवी बाटली ओढली. लेबल नखाएवढ्या अक्षरांत. खरंच दुप्पट. आम्हीच विकत होतो, आणि आमच्यापैकी कुणी ते लेबल वाचलं नव्हतं. डोस तोंडपाठ असल्यावर लेबल कोण वाचतं? मी गोणीवर बसले आणि रडायलाच लागले. "नाना, किती जणांनी लावलं असेल? कुठे कुठे शोधू? नुसती नावं आहेत हो ब्लॉगवर..."

"नुसती नावं?" नाना म्हणाले. "ऊठ. तेवीस खण आहेत."

काय सांगू त्या माणसाचा थाट! बाह्या सरसावल्या, पाय फाकवले आणि भिंतीकडे वळले. हात नुसते उडत होते. "ओझर, चार. फोन आहेत. जानोरी, सहा. पिंपळगाव, नऊ, दोघांना फोन नाही पण शेजारी आहेत. आधी जवळची गावं, मग लांबची." पप्पा दुकानाच्या फोनवर, मी मोबाइलवर, आणि नाना मधे उभे राहून आमच्या हातात एकेक कागद देत होते. ज्या कागदांवरून मी त्यांचं डोकं खाल्लं होतं ते सगळे कागद! "पेस्ट लावू नका! निम्मा डोस! हो, निम्मा! लेबल बघा!" एकजण म्हणाला, बादली कालवून झालीय. पप्पा ओरडले, "ओत मोरीत!" एकाने निम्मी बाग लावली होती, त्याच्या शिव्या मी मुकाट्याने खाल्ल्या. अकरा वाजता मी ब्लॉगवर मोठ्या अक्षरांत चूक कबूल करून टाकली आणि यादीतले सगळे शब्द पुसले. बाराच्या आत बावीस खण रिकामे झाले.

उरला मोहाडीचा खण. त्यात एकच कागद. 'द्राक्षप्रेमी' असल्या नावाने कुणीतरी लिहायचं. फोन दिलेला नाही. शेवटची टिप्पणी रविवारची: 'मंगळवारी छाटणी. बुधवारी दुपारून पेस्ट. पहिलंच वर्ष आहे, चुकून चालणार नाही.'

मी म्हटलं, "मोहाडीत काय एक बाग आहे का, नाना? कसा सापडणार हा?"

नानांनी त्या माणसाच्या सगळ्या जुन्या टिप्पण्या एकाखाली एक लावल्या आणि उभ्याने वाचत गेले. "पाण्याची टाकी बांधापासून दिसते. शाळेची घंटा ऐकू येते. उत्तरेला ओढा. हा पत्ता नाही तर काय आहे? याहून वाईट पत्त्याची कार्डं पोचवलीत मी. स्कूटी काढ."

स्कूटीवर मागे नाना, धोतर दोन्ही हातांनी गच्च धरून. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला "सांभाळ" आणि प्रत्येक मोकळ्या पट्ट्याला "दाब, दाब! थैली बंद व्हायच्या आत!" मोहाडीच्या शाळेपाशी उतरलो. नानांनी टाकी बघितली, ओढा विचारला, आणि एका बांधावरून सरळ चालायला लागले. मी मागून पळत.

बागेत सात-आठ बायका हातमोजे चढवत होत्या. बादली कालवून तयार. एकीने स्पंज बुडवला होता.

"थांबा!" नाना ओरडले. "हात लावू नका कोणी!"

बायका दचकून मागे सरल्या. एक बाई पुढे आली, पन्नाशीची, डोक्यावर पदर, कमरेला मोबाइल खोचलेला. "कोण हो तुम्ही? काय झालं?"

"द्राक्षप्रेमी कुठायत?" मी विचारलं. धाप लागली होती.

बाई लाजली. "मीच. भाचा टाइप करून देतो कॅफेतून. मालकांनी अंथरूण धरलंय दोन वर्सं, मग म्हटलं आपणच शिकावं. तुम्ही लिहिता ना, त्या ताई? तुमचं समदं पाठ हाय मला."

माझं सगळं पाठ! मला तिथे जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मी तिचे हात धरले आणि सांगितलं, की माझं चुकलं, डोस चुकीचा होता. ती बाई बादलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तीन एकर हाय ताई. तीनच." आणि खाली बसली. नानांनी बादली उचलली आणि लांब दगडांवर नेऊन ओतली. मग आम्ही तिघांनी मिळून नवी पेस्ट कालवली. लेबल नानांनी मोठ्याने वाचलं. दोनदा.

जानोरीवाल्याच्या दोन ओळी आणि त्या शिव्या देणाऱ्याची निम्मी बाग गेली. दोघांच्या घरी मी आणि पप्पा जाऊन आलो, ते काही विसरता येत नाही. बाकीच्यांचं वर्ष वाचलं. त्या संध्याकाळी मी नानांना छापायचा अधिकार परत दिला आणि म्हटलं, फिल्टर बंदच करून टाकते.

"कशाला? चांगला आहे तो. सॉर्टरच आहे, फक्त कच्चा आहे. कच्च्या सॉर्टरच्या मागे एक जुना उभा लागतो." मग म्हणाले, "एक कबूल कर. बेवारस थैली रोज उघडायची. मी असो नसो."

मी गळ्याची शपथ घेतली.

फेब्रुवारीत मोहाडीहून द्राक्षांची पेटी आली. टपोरे मणी, मधासारखे. पेटीवर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं कोणाची ते. पण नानांनी तीन दिवस हात लावू दिला नाही. "पाठवणाऱ्याचं नाव नाही, बेवारस टपाल आहे." शेवटी मी त्या बाईंना फोन लावून नानांच्या कानाला दिला. त्यांनी "पेटी पोचली" म्हटलं आणि पहिला घड पप्पांसमोर धरला.

तीन-चार वर्षांनी नानांचे गुडघे गेले. गुडघ्याशिवाय उभं कसं राहणार, आणि उभं राहिल्याशिवाय वाचणार कसं? मुलगी येऊन त्यांना इगतपुरीला घेऊन गेली. जाताना म्हणाले, "तिथे पाऊस इतका पडतो, की कार्डावरची शाई पुसते." मी हसले आणि ते गेल्यावर गोण्यांमागे जाऊन रडले. तेवीस खण तसेच ठेवले.

आणि शपथ? पहिलं वर्ष पाळली. मग माझं लग्न झालं, दुकानाचा व्याप वाढला. बेवारस थैली दोन दिवसांआड, मग आठवड्याने. आता फिल्टर हुशार झालाय, असं मी स्वतःला सांगायचे.

जुलैत एका दुपारी वीज आली, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सहज उघडली. गोळ्या, लॉटरी, बूट. आणि मधेच पेस्टच्या त्या जुन्या लेखाखाली इगतपुरीच्या हवामानाच्या चार-चार लिंका लावलेली टिप्पणी. मी उडवणारच होते. खाली मराठीत ओळ होती: 'मास्तरीणबाई, फिल्टरला पकडायला सोपे जावे म्हणून लिंका मुद्दाम लावल्या आहेत. थैली उघडतेस का ते पाहत आहे.'

खाली दुसरी. दुसऱ्या दिवशीची. तिसरी. रोज सकाळी दहा वाजताची एक, अशा अकरा. एका बोटाने टाइप केलेल्या. सहावीत लिहिलं होतं, 'मुलीने टेबल उंच करून दिले आहे. उभा राहतो थोडा वेळ.' अकरावीत एवढंच: 'थैली बंद आहे वाटते.'

मी स्टुलावर उभीच राहिले. डोळ्यांतलं पाणी थांबेना आणि हसूही आवरेना, असलं विचित्र. अकराही टिप्पण्या छापून त्या अकराव्या ओळीखाली मी लिहिलं: 'पत्रे पोचली. उशिराबद्दल माफी असावी. थैली उघडी आहे, नाना.'

मग गिऱ्हाईक आलं, त्याला मी थांबायला सांगितलं. पप्पांनी हाक मारली, त्यांनाही. पाच-दहा मिनिटं गेली असतील. ब्लॉगवर काही आलं नाही. मी बेवारस थैली उघडली. अकरा वेळा पकडल्यावर फिल्टरने नानांचा पत्ताच कचरा म्हणून पक्का करून टाकला होता, त्यामुळे आता त्यांचं काहीही आलं तरी ते तिथेच जाणार होतं.

सगळ्यात वर एक नवी टिप्पणी होती. लिंक नाही, काही नाही.

'बरं. आता उद्या दहा वाजता.'